बेंच ड्रिलचा चक सारखा निसटतोय? नवीन आणण्याआधी टेपर मोजा

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल. भोक पाडताना, त्यातही बिट पलीकडे निघायच्या वेळी, चक, म्हणजे बिट धरणारा भाग, सटकन स्पिंडलवरून, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यावरून, सुटतो आणि बिटसकट जॉबवर येऊन बसतो. ठोकून परत लावला की थोडी भोकं नीट पडतात आणि मग परत तेच. किंवा पडत नाही, पण बिटचं टोक जागेवर न फिरता गोल काढत फिरतं, ८ चं बिट लावा आणि भोक साडेआठचं मोजा. मग माणूस वैतागतो, इंदूरच्या सियागंज बाजारात जातो, "भिया, तेरा एमएम का चक देना" म्हणतो, दुकानदार देतो, आणि नवा चकही काही दिवसांत तसाच वागायला लागतो. मग चकला शिव्या, "आजकाल माल येतोच तसला" वगैरे.

माल कधीकधी खराब येतो हे खरं आहे, पण जो चक सारखा निसटतो त्यात चकचा दोष क्वचित असतो, जोडाचा असतो. "तेरा एमएम" ही झाली चकची पुढची बाजू, म्हणजे तोंडात जास्तीत जास्त केवढं बिट मावेल ते. मशीनला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, मशीनला मागची बाजू लागते, म्हणजे टेपर, स्पिंडलवर घट्ट बसणारा निमुळता जोड, आणि तेराचा चक मागून बी१६ असू शकतो, जेटी३३ असू शकतो, जेटी६ असू शकतो (ही टेपरची नावं, खाली सांगतो), नाहीतर सरळ आटे पाडलेला अर्धा इंच २० आट्यांचा सुद्धा. डब्यावर मोठ्या अक्षरात १३ आणि हे बाकीचं बारीक अक्षरात, त्यामुळे काउंटरवर कोणी बघत नाही, घेणारा पण नाही आणि देणारा पण नाही.

एक केस सांगतो, कारण त्यात सगळं आलं. रामबागेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, रिटायर झाल्यावर मागच्या खोलीत छोटं वर्कशॉप मांडलंय, पितळी कडी-कोयंडे, देव्हाऱ्याच्या घंट्यांचे हुक असलं काम करतात. मशीन जुनी इंपोर्टेड बेंच ड्रिल, भंगारातून उचललेली, पण मोटर आणि क्विल (स्पिंडलला वर-खाली नेणारी नळी) एकदम मस्त. चक मात्र टिकेना. मी गेलो तर काका म्हणाले, "तू आता मला चांगला कंपनीचा चक सांग, पैसे गेले तरी चालतील." मी म्हटलं काका, कंपनी नंतर, आधी स्पिंडलचं नाक पुसून द्या.

नाक, म्हणजे स्पिंडलचं खालचं निमुळतं टोक, पुसून घेतलं, त्यावर मार्करने उभ्या चार रेघा मारल्या, वरपासून खालपर्यंत, शाई वाळू दिली. मग चक हाताने वर सरकवून दाबला आणि हलकासा फिरवून खाली काढला. रेघा फक्त वरच्या टोकाला, जिथे टेपर जाड असतो तिथे, अरुंद पट्टीत पुसल्या गेल्या होत्या, खाली सगळीकडे शाई जशीच्या तशी. म्हणजे चक नुसता तोंडाच्या कडेवर धरून बसला होता, आत बाकी सगळी हवा. अशा जोडाला तुम्ही कितीही ठोका, पितळेत बिट अडकलं की तो सुटणारच, आणि आतलं टोक मोकळं असल्यामुळे चक तिरका बसणार, म्हणजे आउट पण चालणार, मध्यावर न फिरता डगमगत. दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या. लेथवर काम करणारे हेच ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून बघतात, घरी मार्करने काम भागतं.

काकांच्या स्पिंडलचा टेपर होता जेटी३३ आणि दुकानातून दरवेळी आलेला चक बी१६. या दोघांची जोडी फसवी आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. जेटी३३ चं मोठं टोक १५.८५ एमएम, बी१६ चं १५.७३. एवढ्याशा फरकाने चक आरामात चढतो, हाताला घट्ट पण वाटतो. पण उतार वेगळा आहे, जेटी३३ साधारण पावणेसोळा एमएमला एक एमएम बारीक होतो आणि बी१६ वीस एमएमला एक. त्यामुळे आतल्या टोकाला दोघांत ०.३ एमएमच्या आसपास फट राहते. उलटं झालं, म्हणजे स्पिंडल बी१६ आणि चक जेटी३३, तर तो आतल्या टोकाला धरतो आणि तोंडाशी मोकळा राहतो, तेव्हा मार्कर खाली पुसला जातो आणि वर राहतो. तुमच्या रेघा कुठे पुसल्या जातात त्यावरून कोण कोणावर बसलंय याचा अंदाज येतो.

आता मोजायचं कसं. व्हर्निअर पुरे, मायक्रोमीटर असेल तर उत्तम. अगदी टोकांवर मोजू नका, तिथे चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असतो किंवा कडा झिजलेली असते आणि माप चुकतं. टेपरवर बरोबर २० एमएम अंतरावर दोन खुणा करा, दोन्ही खुणांवर डाया, म्हणजे व्यास, घ्या आणि वजा करा. फरक १ एमएमच्या आसपास आला तर मोर्सच्या कुळातला (बी१२, बी१६ वगैरे बी वाले सगळे), जेटी६ किंवा जेटी३, १.२७ च्या आसपास आला तर जेटी३३, १.६ च्या पुढे गेला तर जेटी२. मग मोठ्या टोकाचं माप बघून पक्कं करायचं:

बी१२: १२.०७ एमएम
जेटी२: १४.२० (याचा आखूड भाऊ पण असतो, १३.९४, लांबी कमी)
बी१६: १५.७३
जेटी३३: १५.८५
जेटी६: १७.१७
बी१८: १७.७८
जेटी३: २०.६०
बी२२: २१.७९

जेटी६ आणि बी१८ चा पण घोळ होतो, उतार जवळजवळ सारखा आहे, म्हणून फरकावरून कळत नाही, डायावरूनच कळतं. बी१८ चा चक जेटी६ वर चढवला तर खूप आत जातो आणि टेपर धरायच्या आधी बुडाला टेकू शकतो. जेटी६ च्या नाकावर बी१६ चढतच नाही, त्यामुळे तिथे निदान फसवणूक होत नाही.

हे बी आणि जेटी काय प्रकरण आहे ते थोडक्यात. जेटी म्हणजे जेकब्स टेपर, चावीचा चक ज्यांनी १९०२ मध्ये पेटंट केला त्या आर्थर जेकब्स यांच्या नावाचा, आणि त्यातल्या नंबरांना काही क्रम नाही, ३३ हा ६ पेक्षा बारीक आहे, तेव्हा नंबरवरून साइजचा अंदाज बांधू नका. बी म्हणजे जर्मन मानक डिन २३८ मधली मालिका, आणि ती सरळ मोर्स टेपरचेच तुकडे पाडून केलेली आहे. बी१६ आणि बी१८ दोन्ही एमटी२ (मोर्स टेपर नंबर २) चे तुकडे, बी१८ जाड बाजूचा आणि बी१६ बारीक बाजूचा. बी१० आणि बी१२ एमटी१ चे, बी२२ आणि बी२४ एमटी३ चे. नंबर म्हणजे साधारण मोठ्या टोकाचा डाया, इथे निदान डोकं लावलंय.

पण थांबा, मोजण्याआधी तुमची मशीन कुठल्या जातीची आहे ते बघा, कारण त्यावर सगळी खरेदी ठरते. क्विल पूर्ण खाली घ्या. स्पिंडलला आरपार एक लांबट खाच दिसली तर स्पिंडल आतून मोर्स टेपरचा आहे आणि चक आर्बरवर, म्हणजे स्पिंडल आणि चक जोडणाऱ्या वेगळ्या दांड्यावर, बसलाय. राजकोटच्या बऱ्याच पिलर ड्रिल अशाच असतात, छोट्यांना एमटी२ आणि मोठ्यांना एमटी३. असं असेल तर तुम्ही नशीबवान, कारण चक कुठलाही घ्या, त्याला जुळणारा आर्बर घेतला की झालं. खाच नसेल आणि स्पिंडलचं टोकच बाहेर निमुळतं असेल तर तुम्ही त्या नाकाला बांधील, चक त्याच टेपरचा शोधावा लागणार, दुसरा इलाज नाही. काकांचं हेच होतं.

एमटीवाल्यांनी नवा चक घेताना आर्बर पण नवाच घ्यावा असं माझं मत आहे. जुन्या आर्बरला चक उतरवताना कोणी ना कोणी छिन्नी घातलेली असते, ओरखडे असतात, आणि शंभर-दोनशे वाचवायला तो परत वापरला की आउट कुठून येतोय ते शोधत बसा. आर्बरवर "एमटी२-बी१६" असं खोदलेलं असतं, चकच्या मागे किंवा अंगावर "१-१३ बी१६" असं, दोन्हीकडचं शेवटचं अक्षर-आकडा जुळलं पाहिजे, बस. दुकानातच आर्बर चकमध्ये हाताने दाबून बघा, जुळत असेल तर हलकं दाबूनही तो डुगडुगत नाही. डुगडुगला तर तिथेच परत द्या, घरी आणून ठोकू नका, कारण ठोकलेला माल कोणी परत घेत नाही.

आट्यांच्या चकबद्दल एवढंच की तो हँड ड्रिलसाठी आहे. एमटी२ ला अर्धा इंच २० आट्यांचा आर्बर मिळतो, त्यावर लावून लोक चालवतात, चालतं पण, पण आट्यांवर सेंटर टेपरइतकं येत नाही. लाकडात चालवायचं असेल तर चालवा.

जुना चक काढायचा कसा, यात जास्त नुकसान होतं म्हणून लिहितो. एमटी स्पिंडल असेल तर ड्रिफ्ट, म्हणजे ती निमुळती पट्टी, खाचेत घालायची, सपाट बाजू वर ठेवायची नाही, निमुळती बाजू आर्बरच्या टँगवर, म्हणजे वरच्या चपट्या शेपटीवर, आली पाहिजे, आणि एक टिचकी. खाली टेबलावर लाकडाचा ठोकळा आणि फडकं ठेवा, चक पडतो. थेट नाकावर बसलेला चक काढायला वेजची जोडी मिळते, दोन पाचरी, मध्ये खाच असलेल्या, चकची पाठ आणि स्पिंडलच्या खांद्याच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर घालून दाबायच्या किंवा हलकं ठोकायचं. वेज टेपरच्या साइजप्रमाणे येतात. एका बाजूने स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका आणि चकच्या अंगावर आडवा हातोडा तर अजिबात नको, कारण तो मार सरळ स्पिंडलच्या बेअरिंगच्या गोळ्यांना जातो, रेसवर खड्डे पडतात आणि मग मशीन कायमची आउट, चक सोन्याचा लावलात तरी.

चक काढलाच आहे तर आउट नक्की कुठून येतोय ते आत्ताच बघून घ्या. सगळ्यात आधी बिट काचेवर लोळवा, वाकडं बिट हे सगळ्यात स्वस्त कारण असतं आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतं. मग बेल्ट सैल करून स्पिंडल हाताने फिरवा आणि डायल गेज नाकावर लावा, एमटी असेल तर आतल्या टेपरवर. सुई ०.०२-०.०३ एमएमच्या आत खेळत असेल तर स्पिंडल ठणठणीत आहे. ०.१ च्या पुढे गेली तर बेअरिंग किंवा स्पिंडलच वाकडा, तिथे नवा चक आणून काही होणार नाही, आधी ते. डायल नसेल तर सांवेर रोडकडच्या कुठल्याही लेथवाल्याकडे असते, चहा पाजून मागून आणा.

स्पिंडल ठीक निघाला की चक लावा, त्यात सरळ डॉवेल पिन किंवा चांगल्या बिटची उलटी शँक (मागचा दांडा) धरा आणि चकच्या जॉपासून, म्हणजे बिट धरणाऱ्या तीन बोटांपासून, इंचभर खाली डायल लावा. सगळ्यात उंच जागा चकवर आणि स्पिंडलवर खूण करा. चक उतरवा, अर्धा फेरा फिरवून परत लावा आणि परत बघा. उंच जागा चकच्या खुणेबरोबर फिरली तर दोष चकमध्ये, स्पिंडलच्याच खुणेवर राहिली तर दोष मशीनमध्ये. साध्या चावीच्या चकला ०.१ एमएमपर्यंत आउट हे सामान्य आहे, त्यावरून भांडू नका. चांगल्या कीलेस, म्हणजे बिनचावीच्या, चकला याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं.

चक जुना आहे पण बदलायचा की नाही ठरत नसेल तर जॉकडे बघा. बिट घट्ट धरा आणि समोरून उजेडात बघा, जॉच्या पुढच्या टोकाशी बिट आणि जॉमध्ये फट दिसली आणि आत धरलेलं असेल तर जॉ कर्ण्यासारखे उघडलेत, गेलं ते. मोठ्या नावाच्या चकचे जॉ आणि नट वेगळे मिळतात, ते बदलून घेता येतात, पण साध्या तेराच्या चकसाठी हा उद्योग परवडत नाही.

आता कुठला घ्यायचा. चावीचा की कीलेस, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि मी मुद्दाम इथे शेवटी ठेवलाय कारण टेपर जुळल्याशिवाय याला अर्थ नाही. रोज बिट बदलत असाल, छोट्या साइजची बरीच भोकं, तर कीलेस सुखाचा, अल्ब्रेख्ट, रोहम, लाम्ब्रिच ही नावं यात मोठी आहेत आणि किंमत साध्या चकच्या कित्येक पट जाते. कीलेस लोड आला की आपोआप अजून आवळतो, म्हणून मोठं बिट घसरत नाही, पण कधीकधी इतका आवळतो की सोडवताना दोन माणसं लागतात. आणि मशीन रिव्हर्स करून टॅप मारत असाल तर कीलेस घेऊ नका, उलटा फिरला की सुटतो. फॅब्रिकेशन, टॅपिंग, धुळीतलं काम, तिथे चावीचा साधा चकच बरा, बिघडला तरी रडू येत नाही.

साइजचा मोह पण आवरा. बेंच ड्रिलला "मोठा असलेला बरा" म्हणून १६ चा चक लावतात. तो जड असतो, लांब असतो, चक आणि टेबलमधली जागा खातो, आणि १६ चं बिट फिरवायची ताकद त्या छोट्या मोटरमध्ये आणि बेल्टमध्ये नसतेच. शिवाय बऱ्याच १६ च्या चकची सुरुवात ३ एमएमपासून होते, म्हणजे दीडचं बिट लावायला गेलात की धरतच नाही. १-१३ बहुतेक घरगुती कामाला पुरतो. त्याच्या वरची बिटं एमटी शँकची घ्या आणि आर्बर काढून सरळ स्पिंडलमध्ये लावा, तेच त्यांचं घर आहे.

बसवताना स्पिंडलचं नाक आणि चकचं भोक दोन्ही थिनरने किंवा एसीटोनने पुसा, तेल, ग्रीस, कंपनीचा गंजरोधक चिकटा काही राहता कामा नये. "गंजू नये म्हणून थोडं तेल लावलं" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही. हा जोड नुसत्या घर्षणावर धरतो, उतार इतका कमी आहे की एकदा बसला की स्वतःच धरून राहतो, तेल घातलंत की ते घर्षणच काढून टाकलंत. नखाला एखादा उंचवटा लागला तर बारीक ऑइलस्टोन फक्त त्या उंचवट्यावर फिरवा, कानस किंवा पॉलिश पेपर पूर्ण टेपरवर फिरवू नका, आकार जातो. मग चकचे जॉ पूर्ण आत घ्या, बाहेर राहिले तर मार त्यांच्यावर जातो, टेबलावर लाकडी ठोकळा ठेवा आणि क्विलच्या हँडलने चक त्यावर चांगला दाबा. पाहिजे तर लाकडी हातोडीचा एक टोला. आर्बर एमटीमध्ये घालताना टँग खाचेच्या दिशेत आणा, आडवा राहिला तर टेपर बसतच नाही आणि तुम्हाला वाटतं बसला.

लॉकटाइट लावू का, असं काकांनी पण विचारलं होतं. जुळणाऱ्या टेपरला गरज नाही, न जुळणाऱ्याला लावून तो पडणार नाही कदाचित, पण तिरका बसलेला तिरकाच चिकटेल.

एवढं करूनही, टेपर जुळतोय, मार्कर पूर्ण लांबीवर पुसला जातोय, जोड कोरडा आहे, आणि तरी चक पडतो तर तुम्ही त्याला आडवा लोड देताय. ड्रिलवर एंड मिल लावून खाच पाडणं, सँडिंग ड्रम बाजूने घासणं, मोठा होल सॉ जोरात उतरवणं, यात टेपर हलत हलत सुटतो, तो सरळ खाली दाबायला बनवलाय, बाजूला ओढायला नाही. एंड मिलसाठी मिलिंग मशीनच पाहिजे, ड्रिलचा चक त्यात उडाला तर कुठे जाईल सांगता येत नाही. पितळ आणि पातळ पत्र्याचं वेगळं आहे, तिथे बिट स्वतःच स्क्रूसारखं ओढलं जातं. पितळेसाठी बिटच्या कापणाऱ्या कडेला ऑइलस्टोनने अगदी बारीक सपाटी आणा, म्हणजे ते ओढत नाही, खरवडतं. पत्र्याखाली लाकूड घाला आणि जॉब वायसमध्ये किंवा क्लॅम्पने बांधा, हातात धरू नका, हातमोजे तर नकोच.

काकांच्या मशीनला शेवटी जेटी३३ चा चावीचा चक लागला, सियागंजात पहिल्या दुकानात नव्हता, मागवून घ्यावा लागला. तुम्ही पण जेटी३३ शोधत असाल तर "तेरा का चक" म्हणू नका, "जेटी तैंतीस, एक से तेरा" असं सांगा, मोठ्या टोकाचं माप चिठ्ठीवर लिहून न्या आणि पैसे द्यायच्या आधी डबा उघडून चकच्या अंगावरचं खोदकाम वाचा. चावी डब्यात आहे का आणि ती तिन्ही भोकांत नीट बसते का ते पण तिथेच बघा, दुसऱ्या चकची चावी डब्यात टाकलेली निघते आणि तिने दात झिजवले की चक आवळलाच जात नाही.